रकाना सातवा : आधीचं नुकसान

माणूस डॉक्टर, वकील आणि जावई घाईत निवडतो आणि पुढे निभावून नेतो. सामान हलवणारी कंपनी मात्र पूर्ण विचारांती निवडावी लागते. डॉक्टरच्या हाती आपण फक्त जीव देतो. कंपनीच्या हाती शोकेस द्यावी लागते.

आम्ही पहिल्यांदा घर बदललं तेव्हा कंपन्या नव्हत्या. एक हातगाडी होती आणि ह्यांच्या कचेरीतले चार मित्र होते. त्या दिवशी एक कुलूप आणि एक मित्र हरवला. (कुलूप नंतर सापडलं.) यादी, पावती, हमी असलं काही नव्हतं, तरी सगळं पोचलं. पण तो अडाणी काळ होता, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावरून दोन गल्ल्या पलीकडे सातव्या मजल्यावर जायचं ठरलं, तेव्हा माझ्या मुलाने रीतसर समिती नेमली. तो अध्यक्ष, सून सचिव, म्हणजे काम करणारी, मी ज्येष्ठ सदस्य, म्हणजे खुर्चीत बसणारी, आणि माझी नणंद खास निमंत्रित. (निमंत्रण दिलं नव्हतं, पण ती आली.)

इंटरनेटवर तेवीस कंपन्या सापडल्या. एकोणीस कंपन्यांच्या नावात 'विश्वास', 'भरोसा' किंवा 'निश्चिंत' यांपैकी एक शब्द होता, तिघींच्या नावात दोन होते, आणि ज्या एकीच्या नावात काहीच नव्हतं ती बंद पडली होती. सगळ्यांना पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे होते. एकीला चार पूर्णांक नऊ होते, तिला समितीने संशयावरून वगळलं. मग मुलाने निकष लावले. फोन दुसऱ्या घंटीला उचलला पाहिजे. पहिल्या घंटीला उचलणारा रिकामटेकडा आणि तिसऱ्या घंटीला उचलणारा बेफिकीर. 'काळजी करू नका' हे किमान तीनदा म्हटलं पाहिजे, पण सहाव्यांदा म्हटलं की आपण काळजी करायला लागावं. अशा चाळणीतून दोन कंपन्या उरल्या.

इथे किटलीबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या शोकेसच्या मधल्या फळीवर सासूबाईंची चिनी मातीची किटली असे. पांढरी, निळ्या फुलांची. मौल्यवान असल्यामुळे तिच्यात एकेचाळीस वर्षं चहा झालेला नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिची तोटी किंचित तिरकी दिसली. कोणीतरी तोडून जोडली होती. सासूबाईंनी चौकशी केली. ती चहा निवायला लागतो तेवढा वेळ चालली. नणंद तेव्हा माहेरी आलेली होती आणि लहानपणी तिच्या हातून दोन बश्या फुटल्याची नोंद होती, त्यामुळे पुराव्याची गरज पडली नाही. तेव्हापासून तिचं नाव धांदरट पडलं आणि आमच्या घरी तिला चहा स्टीलच्या पेल्यात मिळू लागला. अजूनही मिळतो. का, ते आता घरात कोणाला सांगता येणार नाही. मला येईल. माझी स्मरणशक्ती फार चांगली आहे असं सगळे म्हणतात.

पहिल्या कंपनीचे गृहस्थ ठरल्याप्रमाणे ठीक दहाला आले. हातात टॉर्च, भिंग आणि चौदा पानी फॉर्म. आम्ही त्यांना यादीवाले म्हणू लागलो. फॉर्मला आठ रकाने होते. सातव्याचं नाव 'आधीचं नुकसान'.

"हे कशासाठी?" मुलाने विचारलं.

"नंतर वाद नको, साहेब. आमच्या हातून मोडलं तर आम्ही भरून देऊ. पण तुम्ही मोडलेलं आमच्या माथी नको."

समितीला हा प्रामाणिकपणा फार आवडला. ही आवड सुमारे दहा मिनिटं टिकली.

यादीवाले गुडघ्यावर बसून मोठ्याने म्हणत लिहू लागले. सोफा : मागचा डावा पाय नाही, त्याजागी शब्दकोश. भिंतीवरचं घड्याळ : रोज हाताने पुढे केलं जातं, चालत नाही. लाकडी कपाट : डाव्या अंगाला भोक, कॅलेंडरने झाकलेलं.

"भोक?" मी म्हटलं. "कॅलेंडर तर तीस वर्षं तिथेच आहे."

"दरवर्षी नवीन लावतो ना, आई," मुलगा म्हणाला. तो अध्यक्ष असल्यामुळे विषय पुढे गेला.

मग त्यांनी किटली उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरली.

"कान : तुटून जोडलेला. झटपट चिकटणारा डिंक. दोन-तीन वर्षांतलं काम."

सून पडदे मोजायला आतल्या खोलीत गेली.

"झाकण : दुसऱ्याच किटलीचं. याच्या फुलाला सहा पाकळ्या आहेत, किटलीवरच्या फुलांना पाच."

हे मला नवीन होतं. मग आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी आमचे हे नेलकटर आणायला बाजारात गेले होते. दिवस मावळताना परत आले, नेलकटर नव्हतं, पण चेहरा असा की बढती मिळाली असावी. पुढे वारले, पण शेवटपर्यंत त्याबद्दल बोलले नाहीत. मीही किटलीबद्दल कधी बोलले नव्हते. संसार असा परस्परविश्वासावर चालतो.

"तोटी," यादीवाले म्हणाले आणि त्यांनी ती नाकाशी नेली. "फार जुनं काम आहे. पण सफाईदार. हा सरस आहे, पुस्तकबांधणीत लावतात तो. माझे वडील बाइंडर होते, म्हणून ओळखतो. मावशी, हिच्यात गरम चहा ओतू नका हं, तोटी सुटून हातात येईल."

"नाही ओतत," मी म्हटलं.

नणंदेने स्टीलचा पेला खाली ठेवला.

माहितीसाठी नमूद करते की त्या काळात मी वाचनालयाच्या बांधणी विभागात कामाला होते. अकरा वर्षं होते. अंगाला सरसाचा वास यायचा म्हणून नणंद माझ्या शेजारी झोपायला तयार नसे. घरात दुसऱ्या कोणाला तो वास येत नसे.

"वहिनी," ती म्हणाली, "लिहून घेऊ दे त्यांना नीट."

"कोणी मोडलं त्याचा रकाना नाही, आजी," यादीवाले म्हणाले. "फक्त नुकसान लिहायचं. खाली घरातल्या ज्येष्ठांची सही."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मी चष्मा शोधू लागले. तो डोळ्यांवर असल्यामुळे सापडायला वेळ लागला, आणि तेवढ्यात मुलाने "आम्ही कळवतो" म्हणून त्यांना दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या कंपनीचा माणूस उंबऱ्यावरच थांबला. आत एक नजर टाकून म्हणाला, "एक नंबर सामान आहे. यादी कसली करताय, आपल्या माणसांत यादी असते का?" त्याचा फॉर्म अर्ध्या पानाचा होता. त्यावर आधीच छापलेलं होतं : सर्व वस्तू उत्तम स्थितीत. मी लगेच सही केली. चष्मा लागला नाही.

मतदान झालं. तीन विरुद्ध एक. पहिल्या कंपनीला नाकारण्याचं कारण सचिवांनी असं नोंदवलं : ग्राहकावर विश्वास नाही.

सामान हललं त्या दिवशी किटली आणि इस्त्री एकाच खोक्यात गेल्या. सातव्या मजल्यावर खोकं उघडलं तर इस्त्री उत्तम स्थितीत होती. कंपनीचा माणूस शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला. सुनेने त्याला सरबत दिलं. मुलाने हात मिळवला. मी म्हटलं, "अरे, वस्तूच ती, फुटायचीच." इतकी क्षमा त्याला आजवर कुठे मिळाली नसावी, तो लिफ्ट सोडून जिन्याने पळाला. मुलाने पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'यांनी तक्रारीला जागाच ठेवली नाही.'

संध्याकाळी नणंद नवं घर बघायला आली. सगळ्यात आधी तिने किटलीचं खोकं मागितलं. तुकडे अकरा होते. कान वेगळा, पोटाचे आठ, झाकणाच्या जागी एक सहा पाकळ्यांचं फूल. शेवटी तिने तोटी उचलली. तोटीबरोबर पोटाचा तळहाताएवढा तुकडा आला. जोड जसाच्या तसा होता.

"सगळं फुटलं," ती म्हणाली. "हे तेवढं सुटलं नाही. काम चोख केलं होतंस, वहिनी."

मी म्हटलं, "कंपनीची माणसं फार निष्काळजी."

"हो ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझं नाव होतं, आता त्यांचं."

सून चहा घेऊन आली. आम्हा तिघांना कप, नणंदेला स्टीलचा पेला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला. एक वाक्य बोलले असते तर पेला परत गेला असता. मी म्हटलं, "बिस्किटं आण गं."

हल्ली घर बदलणारे लोक मला विचारतात, विश्वासाची कंपनी कशी निवडावी. मी त्यांना दोन्ही नंबर देते, यादीवाल्यांचाही आणि दुसऱ्यांचाही. आणि सांगते की आधी घरातली 'मौल्यवान आहे म्हणून वापरत नाही' अशी जी वस्तू असेल ती एकदा खिडकीशी नेऊन उजेडात धरा, मग ठरवा. आजवर सतरा जणांनी नंबर नेले. परवा रस्त्यात यादीवाले भेटले. म्हणाले, मावशी, तुमच्याकडून एकाचाही फोन आला नाही.

तुम्हाला कुठला देऊ?