एका पॉइंटासाठी

"वीस वर्षं म्हणजे वीस वर्षं. आता कुणाच्या बापाची चाकरी नाही," असं आर्नी ट्वेट हार्डवेअरच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून साऱ्या टॅमरॅक लेक गावाला सांगून चुकला होता.

आर्नीचा धंदा भट्ट्या दुरुस्त करायचा. मिनेसोटाच्या थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली की डॉक्टरच्या आधी आर्नीला फोन जातो. पण महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातला एक पंधरवडा तो सैन्याचा. राखीव दलात वीस वर्षं भरली की निवृत्तिवेतन पक्कं, आणि ती या नोव्हेंबरात भरत होती. बायको कॉरीननं चर्चच्या तळघरातला हॉल ठरवला, केक सांगितला, डुलुथहून भावाला बोलावलं. आर्नीनं आपल्या युनिटचं कागदोपत्री काम बघणाऱ्या सार्जंट केटोलाबाईंना आमंत्रणाचा फोन लावला.

"पार्टी कशाची?" केटोलांनी विचारलं.

"माझी वीस वर्षं झाली त्याची."

"तुझी एकोणीस झालीत, आर्नी. वर्ष धरलं जायला हजेरीचे पन्नास पॉइंट लागतात. यंदाचे तुझे एकोणपन्नास आहेत."

आर्नी हसला. "ते माहीत आहे मला. पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे शिबिर बुडालं, चार कवायती बुडाल्या. डिसेंबरच्या कवायतीत भरून निघेल सगळं."

"डिसेंबर पुढच्या वर्षात येतो."

"डिसेंबर याच वर्षात येतो, केटोला. मी लहानपणापासून बघतोय."

"तुझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. तू भरती झालास त्या तारखेला सुरू होतं. येत्या शुक्रवारी संपतंय ते."

आर्नीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कॅलेंडर नेहमीसारखंच दिसत होतं. "म्हणजे प्रत्येकाचं वर्ष वेगळं?"

"प्रत्येकाचं. माझं मार्चमध्ये संपतं."

"आणि हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

"एकोणीस," केटोला म्हणाल्या. "आणि आम्ही दर वर्षी सांगतो. तेव्हा तू मागच्या बाकावर डुलक्या काढत असतोस."

आर्नीनं वाटा शोधून पाहिल्या. जादा कवायत? तिला कमांडरची परवानगी लागते, आणि कमांडर हरणाच्या शिकारीला जंगलात, जिथं फोन लागत नाही. संगणकावरचे कोर्स? ती यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद, शुक्रवार उलटल्यावर सोमवारी उघडणार. या नोव्हेंबरची कवायत? ती तर त्यानं स्वतःच मागितलेल्या सुट्टीत घालवली होती, 'डिसेंबर आहे की' म्हणून.

"एकच राहिलं," केटोला म्हणाल्या. "कुणी माजी सैनिक वारला तर मानवंदनेला दोघांना जावं लागतं. झेंड्याची घडी, बिगुल, एवढंच. त्याचा एक पॉइंट मिळतो. तुझं नाव यादीत वर घालते."

"सध्या कुणी..."

"सध्या देवाच्या दयेनं सगळे ठणठणीत आहेत."

घरी कॉरीन केकवर काय लिहायचं ते ठरवत होती. 'वीस' हे अक्षरात लिहू की आकड्यात, तिनं विचारलं. आर्नी म्हणाला, जे नंतर खोडता येईल ते. तिला कळलं नाही, आणि त्यानंही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वृद्धाश्रमातला बॉयलर बघायला गेला. बॉयलरला काहीही झालेलं नव्हतं. शर्ली नावाची नर्स भेटली तेव्हा त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "इथं माजी सैनिक कोण कोण आहेत गं? म्हणजे, तब्येती कशा आहेत?"

"आता एकटे ब्रेकेच उरलेत. कोरियात लढलेले. तीन दिवस झाले, अन्नाला शिवत नाहीत," शर्लीनं मान हलवली. "काही खरं नाही त्यांचं."

आर्नीच्या काळजात आनंदाची एक बारीक उकळी फुटली आणि त्याच क्षणी स्वतःचीच किळस आली. तो ब्रेकेंच्या दारात जाऊन उभा राहिला. नव्वदी ओलांडलेला तो म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता, पाठीची हाडं शर्टातून मोजावीत अशी. आर्नीला इतकी लाज वाटली, की संध्याकाळी तो कॉरीनच्या हातचं चिकन आणि जंगली तांदळाचं सूप डब्यात घेऊन परत आला.

"कोण तू?" ब्रेकेंनी विचारलं.

"भट्टीवाला ट्वेट. तुमच्यासारखाच सैन्यातला. म्हणजे, महिन्यातून दोन दिवस."

"हं. अर्धा सैनिक." ब्रेकेंनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "पत्ते येतात का?"

तिथून सगळं बिघडत गेलं, म्हणजे सुधारत गेलं. आर्नी रोज सूप न्यायचा, ब्रेके रोज ते संपवायचे आणि पत्त्यांत त्याला हरवायचे. बुधवारी शर्ली दारातच म्हणाली, "नाडी एकदम सुधारली बघ."

"अरेरे," आर्नी म्हणाला.

"काय?"

"अरे वा म्हणालो."

गावात बातमी पसरली. भट्टीवाला ट्वेट धंदा सोडून एका निराधार सैनिकाची सेवा करतोय. पाद्रीबाईंनी रस्त्यात थांबवून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. माजी सैनिकांच्या मंडळानं मानचिन्ह द्यायचं ठरवलं. कॉरीनचे तर डोळेच भरून आले. ती म्हणाली, इतक्या वर्षांत तुला ओळखलंच नव्हतं मी. आर्नीला वाटलं, आता गप्प बसणंच बरं. पण गप्प बसला की लोक त्याला विनयशील म्हणायचे.

गुरुवारी ब्रेके उठून खुर्चीत बसले होते, दाढी करून. पत्ते पिसता पिसता म्हणाले, "पोरा, तू रोज आल्या आल्या माझ्या छातीकडे का बघतोस? हलतेय का ते?"

आर्नीला खोटं सुचलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं: वर्ष, पॉइंट, शिकारीला गेलेला कमांडर, मानवंदना. ब्रेकेंनी पत्ते खाली ठेवले.

"आणि पैसे कधी मिळणार तुला?"

"साठाव्या वर्षी."

"आत्ता किती?"

"त्रेचाळीस."

"म्हणजे तू सतरा वर्षं थांबायला तयार," ब्रेके म्हणाले, "आणि मी मात्र उद्यापर्यंत मरायचं."

आर्नीनं मान खाली घातली.

"आधी सांगायचं होतंस. सूप प्यायलोच नसतो." म्हातारा खोकल्यासारखं काहीतरी करत होता. आर्नी घाबरून उठला, तेव्हा कळलं की तो हसतोय.

तेवढ्यात केटोलांचा फोन आला. शेजारच्या परगण्यात एक जुना सैनिक वारला होता, फौजेतला स्वयंपाकी. दफन उद्या सकाळी. आर्नीबरोबर त्या स्वतः येणार होत्या. "नातेवाईक कुणी नाही," त्या म्हणाल्या. "झेंडा द्यायचा कुणाला तेच कळत नाहीये."

ब्रेकेंना ऐकू कमी यायचं, पण हे ऐकू आलं. "माझा कोट कुठाय?" ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी दफनभूमीत बर्फाची भुरभुर होती. दफन करणारा माणूस, केटोला, आर्नी आणि चाकाच्या खुर्चीत, तीन घोंगड्यांत गुंडाळलेले ब्रेके. बाकी कुणी नाही. आर्नीच्या हातात बिगुल होता, पण तो वाजवायचा नसतो. आत एक यंत्र असतं, बटण दाबायचं आणि गाल फुगवून उभं राहायचं. आर्नीनं बटण दाबलं. काही झालं नाही. थंडीत बॅटरी गोठली होती. त्यानं पुन्हा दाबलं, तळहातावर आपटलं, कोटाच्या आत काखेत धरून ऊब दिली. बिगुल काखेतच वाजू लागला. तो ओढून ओठांपाशी नेईपर्यंत अर्धी धून होऊन गेली होती.

कुणी हसलं नाही. ब्रेके कोणाच्याही मदतीशिवाय खुर्चीतून उठले आणि धून संपेपर्यंत सलाम करून उभे राहिले. मग आर्नीनं आणि केटोलांनी झेंड्याची त्रिकोणी घडी केली. आर्नी ब्रेकेंपुढे वाकला आणि पाठ केलेली वाक्यं म्हणू लागला, की देश या माणसाच्या सेवेबद्दल कृतज्ञ आहे. दोन शब्दांनंतर त्याचा आवाज गेला. ब्रेकेंनी झेंडा घेतला, छातीशी धरला आणि हळूच म्हणाले, "पुरं कर. या स्वयंपाक्यानं वाट बघितलीय तुझी."

आर्नीनं पुरं केलं.

शनिवारी तळघरातला हॉल भरला. केकवर 'वीस' होतं, अक्षरात. पाद्रीबाई निःस्वार्थ सेवेबद्दल बोलल्या, आणि मग कोपऱ्यातून ब्रेकेंनी हात वर केला. आर्नीनं काटा खाली ठेवला.

"या माणसानं रोज माझ्या तब्येतीची चौकशी केली," ब्रेके म्हणाले. "माझ्या मरणात इतका रस आजवर कुणी घेतला नव्हता." लोकांना वाटलं, म्हातारा नेहमीसारखं तिरकं बोलतोय. टाळ्या पडल्या. मानचिन्ह दिलं गेलं. ब्रेकेंनी दोनदा वाढून घेतलं.

परतताना कॉरीन गाडी चालवत होती. मानचिन्ह आर्नीच्या मांडीवर होतं.

"ब्रेके असं का म्हणाले?" तिनं विचारलं.

आर्नीनं सांगितलं. तळ्याकडच्या वळणावर तिनं गाडीचा वेग कमी केला.

"म्हणजे मी केलेलं सूप तू त्यांच्याकडे, ते मरावेत असं मनात धरून नेत होतास?"

"नेताना नव्हतं गं तसं मनात."

"मग केव्हा होतं?"

आर्नीनं खरंच विचार केला.

"रिकामा डबा परत आणताना," तो म्हणाला.