सामाईकातलं इंटरनेट

कारेगावात देवाला जे नवस बोलल्याशिवाय कळत नसे, ते म्हस्कूमामांना वायरीतून कळे. गावातलं आणि आसपासच्या वस्त्यांवरचं इंटरनेट त्यांचंच. कुणाच्या घरातून कुठली साइट उघडली याची यादी त्यांच्या संगणकावर उमटे आणि सकाळी दर्शन झालं, की देवळाच्या ओट्यावर तिचं पारायण होई.

त्यामुळे रोहिदास पेचात होता. पस्तिशी उलटलेली, कंपनीत नुकताच कायम झालेला, दगडोबांच्या सारिकाचं स्थळ कसंबसं जुळत आलेलं आणि नेमके आत्ताच डोक्यावरचे केस निघून चाललेले. उपाय शोधायचा तर इंटरनेटवर, आणि स्थळ आणणारे म्हस्कूमामाच.

"व्हीपीएन टाक की," कंपनीतला सुदर्शन म्हणाला. "त्यात बी डिसेंट्रलाइज्ड. एक मालकच न्हाई. तू लोकांच्या घरातनं जायचं, लोकांनी तुझ्या घरातनं. सिनेमे उतरव, फायली पाठव, मामाला नुसतं कुलूप दिसंल."

"म्हंजी इर्जिकच की. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या."

"तसंच. फुकट पायजे आसंल तर लाइन वाटायला हो म्हण."

इर्जिकीला नाही म्हणायची रीत नव्हती. रोहिदासनं हो म्हटलं आणि चार दिवस मनसोक्त टकलावरचे उपाय पाहिले.

पाचव्या दिवशी मामांनी ओट्यावरचं पारायण अर्ध्यात सोडलं. असं ते कधी करत नसत. त्यांनी रोहिदासला कडुलिंबाखाली नेलं.

"खरं सांग. बायको कुठं हाय?"

"कुणाची?"

"तुझी. तुझ्या घरातनं बाळाच्या लंगोटाचं दुकान बघितलंय. दात येनाऱ्या पोराचं औषध बघितलंय. घटस्फोटाचा वकील बघितलाय, त्यो बी पोर्तुगालातला."

"मामा, ती दुसरी लोकं हायती. माझ्या वायरीतनं जात्यात फकस्त."

"परकी लोकं तुझ्या घरातनं जात्यात, आन् तुझ्या आईला पत्ता न्हाई?"

आईला, म्हणजे धुरपदाबाईंना, मामांनी तो पत्ता संध्याकाळपर्यंत लावून दिला. त्यांनी आधी नातू की नात एवढंच विचारून घेतलं. दगडोबांच्या वस्तीवरही बातमी पोचली, आणि रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम होता तिथं धुरपदाबाई आणि मामांच्या देखत रोहिदासची चौकशी बसली.

"लोकांचं ऱ्हाऊ द्या," दगडोबा म्हणाले. "तुम्ही सोता काय बघत व्हता?"

रोहिदासनं मान खाली घातली. त्यामुळे उत्तर सगळ्यांना आपोआपच दिसलं. "केसांचा उपाय," तो म्हणाला.

"ते आमी फाटकातनंच बघितलं. फुडं बोला."

रोहिदासनं सगळं सांगितलं. दगडोबांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजी सामाईक विहिरीवानी," ते म्हणाले. "पानी कुनी उपसलं, विहिरीला काय ठावं."

"अगदी तसंच, आप्पा."

रोहिदासचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दगडोबा ताठ बसले.

"सामाईक विहिरीपायी भावकीसंगं बावीस वर्सं कोर्टात जातोय मी. आधीची बायको आसती, तर तिला समोर बसवून मिटवलं आसतं. पर सामाईकात पोरगी द्यायची न्हाई. काढा ते, आत्ताच्या आत्ता."

रोहिदासनं मुकाट्यानं फोन हातात घेतला. मामांनी समाधानानं पोह्यांची बशी जवळ ओढली. "मी म्हंतो, गावच्या वायरीत लपवायचं काय आसतंय?"

"बरं," दगडोबा रीतीप्रमाणं म्हणाले, "पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या."

इतका वेळ पाटावर खाली बघत बसलेल्या सारिकानं एकदा मामांकडं पाहिलं, मग रोहिदासकडं.

"काढायच्या आधी," ती म्हणाली, "त्याचं नाव जरा लिहून द्या."

मामांचा घास हातातच राहिला. "तुला काय गं लपवायचंय?"

"ते तुमाला सांगायचं आसतं, तर नाव कशाला मागितलं आसतं?"

धुरपदाबाईंनी तेवढ्यात साखरपुड्याचा महिना विचारून घेतला.