हळू आवाजाचा स्पीकर

"स्पीकर मला हवाय," सूनबाई म्हणाली, "आणि मला कसला हवाय एवढं सोडून बाकी सगळं या घरात ठरलंय!"

हे ती चिमीला म्हणाली. घरात मधेच न तोडता ऐकून घेणारी तेवढीच एक होती, आणि तिला अजून दातही आले नव्हते. चिमीने लंगोट बदलून घेताघेता पाय झाडले. सूनबाईने त्याचा अर्थ "खरंय तुझं" असा घेतला.

मागणी तशी साधी होती. चिमी झाल्यापासून सूनबाईचं वाचन सुटलं होतं. एका हातात चिमी आणि दुसऱ्या हातात चिमीचं काहीतरी, मग पुस्तक काय पायात धरायचं? तेव्हा तिने पुस्तकं ऐकायला सुरुवात केली. पण फोनचा आवाज म्हणजे डब्यात अडकलेला डास. नळ सोडला की एक पात्र मरून जायचं आणि कोणी मारलं तेही कळायचं नाही. कानात काही घालावं तर चिमी उठल्याचं ऐकू येत नाही. म्हणून टेबलावर ठेवायचा, बिनवायरचा, छोटासा स्पीकर. अट एकच: अगदी हळू लावला तरी शब्द कळले पाहिजेत. कारण ऐकायचं ते चिमी झोपल्यावर, आणि चिमीची झोप अशी की शेजाऱ्यांच्या घरात चमचा पडला तर रडायची ही.

एवढं ती जेवताना बोलून गेली. चुकलं ते तिथेच.

नवरोबा वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडणं हे त्यांचं काम, त्यामुळे वेष्टणावर लिहिलेल्या कशावरही त्यांचा विश्वास नसे. त्यांनी रातोरात तक्ता केला. वॉट, बॅटरी, लांबी, रुंदी, आणि कंपनी सांगते ते वजन खरं आहे का, यासाठी एक रिकामा रकाना.

"अहो, मी तो ऐकणार आहे, तोलणार नाही," सूनबाई म्हणाली.

"आधी तोलू, मग ऐकू. घाई कशाला?"

नणंद व्यायामाचे वर्ग घ्यायची. तिच्या मते ज्या स्पीकरने टेबल हलत नाही तो स्पीकर नव्हेच. "वहिनी, धमक पाहिजे गं! छातीत ठोका बसला पाहिजे."

"मला बसतात. चिमी उठली की रोजच बसतात."

आणि सासरे! सासऱ्यांनी उभी हयात बसस्थानकाच्या घोषणा करण्यात घालवली होती. निवृत्त झाले ते नुसते नोकरीतून, आवाज कामावरच होता. "चहा तयार आहे" हेसुद्धा ते असं म्हणत की ऐकणारा आधी पिशवी उचलायचा आणि मग चहाकडे बघायचा. "सूनबाई," ते म्हणाले, "स्पीकर हा माझा विषय आहे. तू काळजी करू नकोस."

सूनबाईला काळजी वाटली ती तेव्हापासून.

सुट्टीच्या दिवशी सगळी वरात विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात पोचली. चिमी झोळीत, आईच्या छातीशी. दुकानात ही गर्दी! एका भिंतीवर पन्नास टीव्ही एकच मासा दाखवत होते. छतातून गाणी गळत होती. कोपऱ्यात मिक्सरचं प्रात्यक्षिक चाललं होतं आणि धुलाईयंत्राच्या विभागात एक जोडपं आपलं घरचंच भांडण नव्या जागेत करून बघत होतं.

स्पीकरच्या फळीपाशी गळ्यात पट्टा घातलेला विक्रेता होता. त्याने एकदा चौघांकडे पाहिलं आणि सूनबाई सोडून तिघांशी बोलायला सुरुवात केली.

"कोणासाठी हवाय सर?"

"माझ्यासाठी," सूनबाई म्हणाली.

"हा घ्या सर," विक्रेता नवरोबांना म्हणाला, "अख्खी गल्ली ऐकेल."

नवरोबांनी तो हातावर तोलला आणि तक्त्यात काहीतरी खोडलं. नणंदेने दुसरा लावला, फळी थरथरली, शेजारची तीन इस्त्र्यांची खोकी पुढे सरकली. "हाच! हाच!" ती टाचांवर नाचत म्हणाली. मग तिसरा, चौथा. प्रत्येक जण आवाज चढवून बघत होता, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा ऐकू येऊ नये म्हणून आणखी चढवत होता.

"जरा हळू लावून बघू या का?" सूनबाईने विचारलं.

"आँ?"

"हळू! हळू लावा म्हणतेय!"

विक्रेता तिच्याकडे कीव आल्यासारखा हसला. "हळू काय बघायचं मॅडम? हळू तर सगळेच छान वाजतात."

सूनबाईच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "अहो दादा, मोठ्याने बोलायला अक्कल लागत नाही, हळू बोलायला लागते. माणसाचं तेच, स्पीकरचं तेच. मला याच्यापुढे बसून पुस्तक ऐकायचंय, वरात नाही काढायची!"

"पुस्तक?" विक्रेता नवरोबांकडे वळला. "सर, पुस्तकांचं दुकान पलीकडच्या रस्त्याला आहे."

नवरोबा हसले. म्हणजे ओठाचा कोपराच हलला, पण सूनबाईने तो पाहिला आणि घरी गेल्यावर बोलायच्या गोष्टींत जमा करून ठेवला. तेवढ्या सगळ्या कल्लोळात चिमी झोपली होती, हे एक नवलच. कदाचित कंटाळली असावी.

"बाजूला व्हा सगळे," सासरे म्हणाले. आजूबाजूची अनोळखी माणसंही बाजूला झाली. "स्पीकरची परीक्षा गाण्यावर करायची नसते. गाण्यात सगळं खपतं. परीक्षा माणसाच्या आवाजावर. शेवटचं अक्षर कानापर्यंत पोचतंय का? बस्स."

सूनबाईला क्षणभर वाटलं, अरे, हे तर माझंच म्हणणं! पण तेवढ्यात सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. त्या फोनमध्ये सासऱ्यांनी आपल्या नोकरीतली एक घोषणा जपून ठेवली होती. त्यांच्या मते ती त्यांची सर्वोत्तम. पाहुणे आले की ऐकवत.

"बाबा, ती नको," ती म्हणाली.

"तीच. तिच्यात सगळी अक्षरं येतात."

त्यांनी फोनवर यादी उघडली. आसपास वाजू शकणाऱ्या सगळ्या यंत्रांची नावं खाली-खाली ओळीने होती. चष्मा घरी राहिला होता. पण आयुष्यभर सगळ्यात वरचं बटण दाबायची सवय! त्यांनी सगळ्यात वरचं नाव दाबलं. ते नाव त्या फळीवरच्या कोणत्याच स्पीकरचं नव्हतं. ते दुकानाच्या छताचं होतं.

गाणी थांबली. आणि तळमजल्यापासून माळ्यापर्यंत, प्रत्येक कोपऱ्यातून, स्वच्छ, शांत, खणखणीत आवाज आला:

"कृपया इकडे लक्ष द्यावे. तांत्रिक कारणास्तव हा परिसर तातडीने रिकामा करण्यात येत आहे. सर्वांनी गोंधळ न करता, लहान मुलांचा हात धरून, जवळच्या दाराने बाहेर पडावे. सामान मागे ठेवावे."

आता तुम्हीच सांगा, दुकानाचा मॅनेजर तोंडाशी हात धरून ओरडला असता तर एक तरी माणूस हलला असता का? पण तो आवाज ओरडत नव्हता. त्या आवाजाला तुमच्याबद्दल काळजी होती आणि तुम्ही ऐकणार याची खात्री होती. मिक्सर थांबला. भांडणाऱ्या जोडप्याने एकमेकांचा हात धरला. लोकांनी घेतलेल्या वस्तू नीट जागेवर ठेवल्या आणि रांग केली. गल्ल्यावरच्या बाईने कुलूप घातलं. "डावा, उजवा, डावा, उजवा," करत नणंद रांगेच्या पुढे. विक्रेता गळ्यातला पट्टा काढून ठेवून गेला. सामान मागे ठेवा म्हटलं होतं ना.

आणि नवरोबा! या आवाजावर लहानपणापासून उठलेले, जेवलेले, झोपलेले नवरोबा तक्ता काखेत मारून, मान खाली घालून चालू लागले. वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाहेर पडल्यावर त्यांना आठवलं की आपल्याला एक बायको आहे, मूल आहे, आणि दोन्ही आत आहेत. ते धावत परतले, तर दारावरच्या रखवालदाराने आडवा हात घातला.

"आत नाही जायचं साहेब. घोषणा झालीय."

"अहो, ते माझे वडीलच आहेत!"

"मग तर तुम्ही ऐकायलाच पाहिजे."

सूनबाई मात्र जागची हलली नाही. एक तर ही घोषणा तिला तोंडपाठ होती. आणि दुसरं, चिमी झोपली होती. परिसर रिकामा होवो की जगबुडी होवो, झोपलेलं मूल घेऊन गर्दीत शिरणारी आई अजून जन्माला यायची आहे.

दुकान ओस पडलं. इतकं शांत की पन्नास मासे पोहताना ऐकू यावेत. सूनबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फोन काढला आणि हळूच फळीपाशी गेली.

अख्खी गल्ली ऐकवणारा स्पीकर तिने हळू लावला. तो तोंडात घास असल्यासारखा बोलायला लागला. नणंदेचा लावला. शब्द गायब, नुसते ठोके, जणू पलीकडच्या घरात कोणी खिळा ठोकतंय. एकेक करत ती अगदी खालच्या फळीपर्यंत पोचली. तिथे साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, राखाडी रंगाचा एक स्पीकर होता. त्याच्याकडे आतापर्यंत कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने तो लावला, आवाज कमी केला, अजून कमी केला, आणि चिमीच्या श्वासाच्या आवाजाखाली नेऊन ठेवला.

सूनबाई ऐकत होती त्या कादंबरीतली बाई कित्येक दिवस धक्क्यावर उभीच होती. होडीत पाय ठेवणार, तोच दरवेळी चिमी उठायची. आता वाचणारीचा आवाज आला, शब्दन् शब्द, जवळ बसून कानात सांगावं तसा. सूनबाई तिथेच जमिनीवर बसली. चिमीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. अंगातला राग कुठून निघून गेला ते तिला कळलंच नाही.

बाहेर रणकंदन चाललं होतं. मॅनेजर लोकांच्या विनवण्या करत होता. "या हो आत! काही झालेलं नाही!"

"काही झालं नाही म्हणतायत, म्हणजे नक्की काहीतरी झालंय," गर्दीतली एक बाई म्हणाली आणि सगळे आणखी दोन पावलं मागे सरकले.

"हे कोणी केलं?" मॅनेजर किंचाळला.

"आवाज माझा आहे," रांगेबरोबर बाहेर आलेले सासरे म्हणाले. खरं तर मान खाली घालायला हवी होती, पण ती वरच गेली.

"मग तुम्हीच बोलवा त्यांना आत! माझं कोणी ऐकत नाही!"

दोघे आत आले. सासऱ्यांनी छाती भरून घेतली, "सर्वांनी" मधला "स" ओठांवर आला, आणि त्यांना सूनबाई दिसली. तिने बोट ओठांवर ठेवलं होतं. डोळे असे की बोललात तर बघा.

सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक घोषणा गिळली. कान दिला. धक्क्यावरची बाई होडीत चढत होती.

"शेवटचं अक्षर पोचतंय," ते पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं म्हणजे इतरांचं बोलणं, तरी चिमी हलली नाही. मग त्यांनी नातीकडे पाहिलं, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या सुनेकडे पाहिलं. "तुला हे असं हवं होतं होय?"

"कधीपासून सांगतेय."

ते स्पीकरकडे वाकले. "किती राहिलंय?"

"प्रकरण संपेपर्यंत."

"अहो, प्रकरण काय?" मॅनेजर म्हणाला. "बाहेर माझं गिऱ्हाईक..."

सासऱ्यांनी त्याला कोपराला धरून दाराबाहेर आणलं. काचेचं दार आवाज न करता लावून घेतलं. घसा साफ केला.

"कृपया इकडे लक्ष द्यावे. अपरिहार्य कारणास्तव दुकान उशिराने उघडेल. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

गर्दीने सुटकेचा निःश्वास सोडला. उशीर ना? मग ठीक आहे! उशीर सगळ्यांच्या ओळखीचा होता. कोणी पायरीवर बसलं, कोणी भिंतीला टेकलं, कोणी जांभई दिली. मॅनेजर काही वेळ उभाच होता. मग त्यानेही पँट जरा वर ओढली, पायरीवर बसला आणि शेजारी बसलेल्या नवरोबांना विचारलं,

"काही अंदाज सांगितला का हो त्यांनी?"