पाठवणीपुरते वडील

ताडकळसचे ज्येष्ठ चरित्र अभिनेते दत्तराव आंबोरे यांनी आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत असंख्य मुलींची पाठवणी केली. त्यांतली एकही त्यांची नव्हती. सिनेमात किंवा मालिकेत मुलगी सासरी निघाली, की फेटा बांधलेले दत्तराव दारात उभे केले जात. आधी खालचा ओठ थरथरायचा, मग फेट्याचं टोक डोळ्यांकडे जायचं, आणि मग डाव्या डोळ्यातून, कारण कॅमेरा डावीकडे असायचा, एकच थेंब गालावर उतरायचा. गाडी वळणाआड गेली की दिग्दर्शक 'कट' म्हणायचा. त्यानंतर त्या वडिलांचं काय होतं हे कोणत्याच पटकथेत लिहिलेलं नसे. त्यामुळे दत्तरावांनाही ते माहीत नव्हतं.

पुढे मालिकांतल्या मुली पहिल्याच भागात सासरी पोचलेल्या सापडू लागल्या, दत्तरावांचं काम संपलं आणि ते गावी परतले. बायको दैवशाला आणि मुलगी ऋतिका इथंच होत्या. ऋतिका लहानाची मोठी झाली ती वडिलांना टीव्हीवर दुसऱ्यांच्या मुलींसाठी रडताना बघत. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. कुठे करायची हे तिला ठाऊक नव्हतं, इतकंच.

प्रकरण सुरू झालं ते शेजारच्या लिंबाजीच्या मुलीच्या लग्नात. पाठवणीच्या वेळी लिंबाजी रडत नव्हता. तो वाढप्यांवर ओरडत होता, कारण बुंदी संपली होती आणि माणसं संपत नव्हती. शूटिंगवाला रामहरी कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवभर नवरीचा बाप शोधत फिरला. एवढ्यात पाहुण्यांत उभ्या असलेल्या दत्तरावांचा खालचा ओठ सवयीनं थरथरला. रामहरीनं कॅमेरा वळवला. कॅमेरा बघून दत्तरावही किंचित वळले. बाकीचं आपोआप झालं.

'बापाचं काळीज' या नावानं तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. रडणारा बाप नवरीचा नाही, ही किरकोळ बाब कोणाच्या ध्यानात आली नाही. खुद्द लिंबाजीनं तो आपल्या स्टेटसला ठेवला.

मग मागणी वाढली. जो तो दत्तरावांना पाठवणीला बोलावू लागला. ते पैसे घेत नसत. टॉवेल-टोपीचा आहेर तेवढा घेत, आणि त्यांच्या घरात माणशी इतके टॉवेल झाले की दैवशालाबाईंनी त्यांचे पडदे शिवले. लग्नात कामाची रीतसर वाटणी झाली. कन्यादान मूळ वडिलांनी करायचं, कारण तिथं धूर असतो आणि चेहरा दिसत नाही. पाठवणी दत्तरावांनी. 'मूळ वडील' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. पाठवणीच्या वेळी मूळ वडिलांची व्यवस्था पंगतीकडे करण्यात येई.

एकदा पेडगावच्या एका मूळ वडिलांनी हट्ट धरला.

"पोरगी माजी हाय, मला बी रडायचंय," ते म्हणाले, आणि थेट चौकटीत घुसले. एकाच वेळी दोन बाप रडू लागले. गोंधळलेली नवरी ड्रायव्हरच्या गळ्यात पडली. दोन घराण्यांत भांडण लागलं ते तंटामुक्ती समितीपुढे गेलं. समितीनं दत्तरावांचं तज्ज्ञ म्हणून मत घेतलं आणि ठराव केला: एका नवरीमागे कॅमेऱ्यासमोर एकच रडणारे वडील असतील; सदर वडील कोण हे शूटिंगवाला ठरवील; मूळ वडिलांना जेवणाआधी, खासगीत, आवाज न करता रडण्यास हरकत नाही. अनुमोदन दत्तरावांनी दिलं. टाळ्याही वाजल्या. त्यांत आम्हीही होतो.

तिथी एक आणि लग्नं अनेक, अशी अडचण येऊ लागली तेव्हा दत्तरावांनी एक सहायक तयार केला. हा गोपीचंद शेळ्यांचा व्यवहार करी. बाजारात गिऱ्हाईक दिसलं की शेळीच्या गळ्यात पडून रडायचा आणि भाव वाढवायचा. अंगात कला होती, फक्त वळण नव्हतं. दत्तरावांनी त्याला ओठ शिकवला, फेटा शिकवला, आणि महत्त्वाचा नियम सांगितला: रडताना नाक पुसायचं नाही.

अशात ऋतिकाचं लग्न ठरलं. मुलगा अमृत, पूर्ण्याला रेल्वेत. हळदीच्या आदल्या दिवशी ऋतिका वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, माज्या लग्नात कामावर येऊ नका," ती म्हणाली. "घरचे म्हनून या."

दत्तरावांना ते फार लागलं. त्याहून जास्त आवडलं. आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच बापाचं खरं काम मिळत होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं. लग्नाच्या दिवशी फेटा बांधायलाच नको म्हणाले. रामहरीला बाजूला घेऊन सांगितलं, "आज माझ्यावर कॅमेरा लावू नको."

"काका, सगळा जिल्हा वाट बघायलाय," रामहरी म्हणाला आणि दोन कॅमेरे लावले. ड्रोन वेगळा.

पाठवणीची वेळ आली. ऋतिका गाडीजवळ उभी राहिली. वऱ्हाडानं मोबाइल वर केले. आणि दत्तरावांचा खालचा ओठ हललाच नाही. डोळे कोरडे राहिले. नाक मात्र वाहायला लागलं, उचकी लागली, आणि सगळा चेहरा एका बाजूला ओढला गेला. ते ऋतिकाचा हात धरून एकच विचारत राहिले.

"चार्जर घेतलास का? चार्जर?"

"काका, हे काय करायलात?" रामहरी ओरडला. "नाक पुसू नका! परत घ्या."

परत घेतलं. तिसऱ्यांदाही घेतलं. गाडीचं दार दर वेळी उघडायचं, ऋतिका दर वेळी खाली उतरायची, आणि दत्तराव चार्जरपाशी येऊन अडकायचे.

नवऱ्याचे वडील आप्पाराव पुढे आले. पाहुण्यांसमोर आपला अपमान झाला असं त्यांना वाटत होतं, आणि ते लपवायची त्यांची इच्छा नव्हती.

"दत्तराव, लिंबाजीच्या पोरीसाठी घागरभर रडलात. आमच्या सुनेसाठी एक थेंब न्हाई? आमी काय कमी पडलाव का? नीट पाठवणी झाल्याबिगर गाडी हलणार न्हाई."

"मामा, बाबा रडायलेतच की," ऋतिका म्हणाली.

"रडायलेत ताई, पर दिसंना," रामहरी म्हणाला. आणि त्यानं समितीच्या ठरावाची आठवण करून दिली.

समितीचे सगळे सभासद जेवायला आलेलेच होते. ताटावरून उठून त्यांनी जागच्या जागी निर्णय दिला. गोपीचंदला फेटा बांधण्यात आला. दत्तरावांच्या खांद्यावर हात ठेवून लिंबाजी त्यांना पंगतीकडे घेऊन गेला.

"चला, मी दाखवतो कुठं उभं राहायचं," तो म्हणाला. "तिथून काय दिसत न्हाई. तेवढंच बरं असतं."

गोपीचंदनं त्या दिवशी कमाल केली. ओठ, फेटा, डावा डोळा; कुठेही चूक नाही. आप्पारावांनाही भरून आलं. गाडी सुटली. ऋतिका मागच्या काचेतून गोपीचंदच्या पलीकडे बघत होती, पण तेवढं चालवून घेण्यात आलं. गाडी आता वळणार, इतक्यात पंगतीकडून एक माणूस पळत आला. त्याच्या हातात चार्जर होता, कारण ती तो खरोखरच विसरली होती. फेटा नाही, एक चप्पल नाही, नाक वाहतंय, अशा अवस्थेत तो गोपीचंदला धक्का देऊन चौकटीतून आडवा गेला, गाडीमागे धावला आणि धुळीत उभा राहिला. 'कट' कोणी म्हटलं नाही. त्यामुळे तो कितीतरी वेळ तिथंच होता.

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला होता. गोपीचंदला पाहून तुमचे डोळे भरले, आणि तुम्ही तो घरच्या ग्रुपवर लगेच पुढे पाठवलात. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "मधीच हा येडा म्हातारा कोण घुसला? सगळी मजा घालवली." त्याखाली हसण्याची जी चिन्हं आहेत, त्यांत तुमचं एक आहे.