तळ्यात सापडलेली परात

"ह्ये मी सांगितलं तर तुमी म्हणशीला, नाथाजी फेकतोय. म्हणून सांगतच न्हाई," असं म्हणून नाथाजी सुकुमारअण्णांच्या दुकानाच्या पायरीवर ऐसपैस बसले. ज्याला खरंच सांगायचं नसतं, तो इतका ऐसपैस बसत नाही. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं.

अण्णा कांद्याच्या सौद्यांसाठी लोणंदला गेले होते, ते आजच परतले होते. त्यामुळं गावच्या तळ्याची तपासणी त्यांना चुकली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, म्हणून ते घाईनं दुकान आवरत होते. आत त्यांची बायको चंदनबाला तांदूळ निवडत बसली होती. अण्णांच्या मागं दुकान सांभाळायचं म्हणून तीही तळ्यावर गेली नव्हती.

"सांगा लवकर. ऊन उतरलंय," अण्णा म्हणाले.

नाथाजी पाणलोट समितीचे अध्यक्ष. समिती होण्याआधी तळं असं होतं, की पांढरी गाय पाण्यात शिरली तर म्हैस होऊन बाहेर यायची. समितीनं गावचं गटार शोषखड्ड्यांत वळवलं, ओढ्यात कर्दळ लावली, म्हणजे येणारं पाणी मुळांतून गाळून यावं. आणि धुण्याचे दगड उचलून पार बांधाखाली नेले. शेवटचं काम बायकांनी माफ केलं नव्हतं. नाथाजींच्या बायकोनं, रंगूबाईंनी, भर सभेत सांगितलं होतं, "तपासणीत पाणी निवळ निघालं न्हाई, तर दगड परत तळ्यात. आनि गावची लुगडी समितीनं धुवायची. पयलं माजं, ह्यांच्या हातनं."

"तर परवा वाईच्या अंकिता मॅडम आल्या," नाथाजी सांगू लागले. "दोरीला काळी-पांढरी तबकडी बांधून पाण्यात सोडायची. पुरुषभर खोल गेली तरी दिसली, तर पास. आमी गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीत बसून तळ्याच्या मधोमध गेलो. म्हटलं, मॅडम, गाठ मी मारतो. फौजेत नदीवर पूल बांधलेत आमी."

"मग?"

"मग काय. गाठ सुटली."

तबकडी डुबुक करून गेली. मॅडमजवळ ती एकच होती. पुन्हा तारीख मिळायची ती पावसाळ्यानंतर. काठावरच्या बायका आताच लुगडी मोजायला लागल्या होत्या.

इथवर सगळं खरं होतं. पुढचं नाथाजींनी अण्णांना सांगितलं नाही, म्हणून ते आपण सांगू.

काहील काठाला आली. नाथाजी ओरडले, "अगं, एखादी परात तरी आण!" रंगूबाईंचं घर तळ्याला लागूनच. त्यांनी चुलीजवळची पितळी परात आणून दिली. नाथाजींनी खिळा ठोकून काठाशी भोक पाडलं, दोरी ओवली आणि परत मधोमध जाऊन परात पाण्यात सोडली. सगळं गाव दोरीकडं बघत होतं. मॅडम मात्र खाली वाकल्या आणि नाथाजींना म्हणाल्या, "तात्या, परात कशाला? माझी तबकडी तळाला पडलेली दिसतेय की."

कुणी खाली बघितलंच नव्हतं! त्या तळ्यात पडलेली वस्तू बघायची सवयच गावाची मोडली होती. तळ तर पुरुषभराहूनही खोल होता. मॅडमनी पास म्हणून सांगितलं आणि नाथाजींनी असा श्वास सोडला की काहील गोल फिरली. काठावर रंगूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. लुगडं ह्यांच्या हातात पडतंय म्हणून खरी भीती त्यांनाच होती.

तो आनंद काठाला येऊन परात उतरवेपर्यंत टिकला. परात पालथी झाली आणि बुडावर कोरलेलं नाव दिसलं. सुकुमारअण्णांचं.

"भरतेशच्या लग्नात जिलेबी आणली व्हती हिच्यात," रंगूबाई हळूच म्हणाल्या. "द्यायची राहिली."

भरतेश म्हणजे अण्णांचा मुलगा. त्या लग्नात हरवलेल्या परातीपायी अण्णांनी कुपवाडच्या साडूवर संशय घेतला होता. तेव्हापासून साडूच्या घरचा चहा बंद. आता परात द्यायची तर कुठल्या तोंडानं? त्यात तिला भोक.

म्हणून नाथाजींनी गोष्ट जरा बांधावरून वळवली.

"आनि अण्णा, तबकडी दिसली तिच्याशेजारी काय चमकावं?" त्यांनी टॉवेल सोडला. "ही बघा. लग्नात भांडी तळ्यावर घासायला नेलती, तवा निसटली असंल. गाळात व्हती, पाणी निवळलं आनि दिसली."

अण्णांनी परात उलटून नाव बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे साडूनं नेली न्हवती?"

"छ्या. देवमाणूस त्यो."

"आनि ह्ये भोक?"

नाथाजींनी टॉवेलाची घडी घातली. "खेकडा."

"पितळेला?"

"आपल्या तळ्यातला हाय, अण्णा. शुद्ध पाण्यावर वाढलेला."

"पाणी शुद्ध झालं तरी मी गाळूनच पिणार," अण्णा म्हणाले, पण मन हलकं झालं होतं. जेवायची वेळ विसरून त्यांनी साडूला फोन लावला. पलीकडं घंटा वाजत होती. नाथाजींनी गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली. सुटलो एकदाचे.

एवढ्यात चंदनबाला तांदळाचं सूप ठेवून बाहेर आली. परात तिनं उजेडात धरली आणि काठाच्या दुमडीतून नख फिरवलं. आत घट्ट बसलेलं पांढरं काही नखाला लागलं. तिनं ते चोळून बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "भोक खेकड्यानं पाडलं, मानलं. पर दुमडीत ह्ये ज्वारीचं पीठ कुणाचं वो? खेकडीण भाकरी बी करती व्हय तळ्यात?"