‘शी’ म्हणजे नेमकं कोण?

हरेश्वर सेक्रेटरी झाले आणि सोसायटीच्या नोटिसांना वजन आलं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बोरिवलीतल्या त्या इमारतीत गुजराती, तमिळ, मराठी सगळेच राहत, म्हणून नोटिसा इंग्रजीत. आणि इंग्रजी म्हणजे हरेश्वर!

त्या दुपारी जिने झाडणाऱ्या सोनूबाई लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांची सुटका होताच हरेश्वरांनी ग्रुपवर लिहिलं, ‘सोनूबाई गॉट स्टक इन लिफ्ट. शी इज व्हेरी ओल्ड अँड मेक्स टू मच नॉइज. ऑन मंडे शी विल बी रिमूव्ह्ड. न्यू वन इज ऑर्डर्ड.’

मराठीत लिफ्ट ती, म्हणून इंग्रजीत शी. हरेश्वर समाधानाने चहा प्यायला बसले.

चहा संपायच्या आत बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे दशरथ, मागे अर्धी इमारत.

“हरेश्वर, असं एकदम काढून टाकायचं? इतकी वर्षं आहे ती बिचारी इथे.”

“म्हणूनच तर. दिवसभर नुसती खडखड करते.”

“वयाने खोकते रे ती!”

“मध्येच बंद पडते त्याचं काय? सोमवारी भंगारवाला नेईल.”

दशरथ आत येऊन मटकन खुर्चीत बसले. तेवढ्यात गर्दीतून सोनूबाई पुढे आल्या. डोळे भरलेले.

“साहेब, माझ्या जागी नवी बाई मागवली म्हणं? या वयात मला कोण ठेवणार?”

हरेश्वरांच्या बायकोने, विनिताने, मोबाइल ओढून घेतला.

“अहो, यातली शी कोण?”

“लिफ्ट. दुसरं कोण?”

“नाव सोनूबाईंचं घेतलंत ना आधी. त्यांनाच भंगारात काढलंय तुम्ही.”

हरेश्वरांनी सोनूबाईंसमोर हात जोडले. “तुम्ही कुठेही जाणार नाही. चुकलं माझं.” सोनूबाईंनी पदराने डोळे पुसले. त्यांच्यासाठी अख्खी इमारत धावून आली होती, याचं हरेश्वरांनाही बरं वाटलं. नव्या लिफ्टचं उद्घाटन सोनूबाईंच्याच हातून करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

“मी बघू का एकदा?” हरेश्वर नोटीस लिहायला बसताच विनिताने विचारलं.

“कळलं गं मला आता. आधी नाव स्पष्ट घ्यायचं.”

आणि त्यांनी स्पष्ट लिहिलं, ‘सोनूबाई विल कट द रिबन ऑफ न्यू लिफ्ट. आफ्टर दॅट शी विल कॅरी सिक्स पर्सन्स.’

थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. दशरथांनी नोटीस मराठीत वाचून दाखवल्यामुळे सोनूबाई आल्या होत्या.

“साहेब, रिबन कापते. पण सहा माणसं उचलायचं काय माझ्यानं जमायचं नाय.”