बाबांचे हेडफोन

कारकुनाने वडिलांसाठी हेडफोन आणले ते निव्वळ स्वतःच्या कानांसाठी. (दुकानदाराला मात्र ‘वडिलांची फार काळजी वाटते’ असं सांगितलं.) बाबांना ऐकू कमी यायचं आणि टीव्हीवरच्या चर्चा फार आवडायच्या, त्यामुळे रोज संध्याकाळी सगळे तज्ज्ञ मिळून कारकुनाच्या डोक्यात भांडायचे.

हेडफोन लागले आणि टीव्ही गप्प झाला. बाबा झाले नाहीत. तज्ज्ञांना उलट उत्तरं द्यायची त्यांची जुनी सवय, त्यात आता स्वतःचाच आवाज ऐकू येईना, म्हणून तो आणखी चढला.

“लाज कशी वाटत नाही तुला? म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढतोस?”

“खोटं बोलू नकोस. आमची औषधं कुणी बंद केली ते सांग आधी.”

भिंतीपलीकडे एवढंच ऐकू जायचं.

जिन्यात लोक कारकुनाला टाळू लागले. शेजारच्या बाई बाबांसाठी झाकलेलं ताट आणून देऊ लागल्या. संध्याकाळी बाबांना भूक नसायची, म्हणून ते कारकूनच चवीने संपवायचा आणि ‘फार छान झालं होतं’ म्हणून रिकामं ताट परत करायचा. “माणसं किती चांगली आहेत,” तो बायकोला म्हणायचा.

रविवारी बाई सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊनच आल्या.

“आम्हाला सगळं ऐकू येतं,” सेक्रेटरी म्हणाले. “औषधं बंद केलीत. आता त्यांचं ताटही तुम्हीच खाता म्हणे.”

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. बायको हसू लपवायला स्वयंपाकघरात गेली. त्याने हेडफोन दाखवले, टीव्ही दाखवला, घाम पुसत सगळं समजावलं. दोघांना पटल्यासारखं दिसलं. तरी खात्रीसाठी बाईंनी बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, “मुलगा बोलतो ना तुमच्याशी नीट?”

बाबांनी जरा विचार केला. “बोलायचा की. ‘आवाज कमी करा’ म्हणायचा,” ते म्हणाले. “हल्ली तेही म्हणत नाही.”

कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरातलं हसूही थांबलं.

दुसऱ्या दिवशी कारकून ऑफिसातून आला, फोन कपाटात ठेवला आणि बाबांशेजारी खुर्ची ओढून बसला. काय बोलायचं ते तो बसमध्ये ठरवत आला होता. (जन्मापासून एका घरात राहूनही विषय सुचेपर्यंत त्याचा स्टॉप मागे गेला होता.) त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, तसा त्यांनी एक कान मोकळा केला. तो त्या कानाशी वाकला. “बाबा, तुम्हाला काय वाटतं या सगळ्याबद्दल?”

बाबांनी मान वळवली. त्याच्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

“सांगतो,” ते म्हणाले, “जरा जाहिराती लागू देत.”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच कारकून जाहिरातींची वाट बघत बसला.